कुळाचा शोध, कागदाचा माग

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपले जुने लोक सांगत आले. ऋषींच्या बाबतीत ते खरे असेल. सामान्य माणसाला मात्र आज आपले कूळ शोधल्यावाचून गत्यंतर उरलेले नाही. मुलाला जातीचा दाखला हवा, आजोबांच्या नावावरची दीड एकर जमीन वाटून घ्यायची आहे, बंद पडलेल्या गिरणीत वडिलांनी घालवलेल्या वर्षांच्या बदल्यात घराचा अर्ज करायचा आहे, काहीही म्हणा, खिडकीपलीकडचा कारकून एकच विचारतो, "वंशावळ आणली का?" पूर्वी वंशावळ ही राजेलोकांची, इनामदारांची आणि वतनदारांची चैन होती. आता ती गरिबाची गरज होऊन बसली आहे, आणि पंचाईत अशी की ज्याला तिची गरज जास्त, त्याच्याच घरात कागद कमी.

आम्ही इतिहाससंशोधक नव्हे. कामगारांच्या संघटनेचे काम करीत असताना मेलेल्या कामगारांचे वारस शोधण्याचे काम आमच्या गळ्यात पडले, आणि त्या निमित्ताने मोडी अक्षर, फसली सन आणि तलाठ्याचे दप्तर यांच्याशी आमची ओळख झाली. त्या ओळखीतून जे कळले तेवढेच येथे मांडतो.

सप्टेंबर 2023 मध्ये निजामकाळातील नोंदी तपासण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि तेव्हापासून आपल्या मराठवाड्यात घरोघरी जुन्या पेट्या उघडल्या गेल्या. पुढे 2 सप्टेंबर 2025 रोजी हैदराबाद गॅझेटच्या आधारे दाखले देण्याचा शासननिर्णय निघाला. त्या प्रश्नाचा निवाडा करण्याचे हे व्यासपीठ नव्हे. परंतु त्यामुळे लोकांच्या मनात एक गैरसमज घट्ट बसला आहे, तो आधी दूर केला पाहिजे. "गॅझेटात आमच्या पणज्याचे नाव सापडेल का?" असे आम्हाला पुष्कळजण विचारतात. सापडणार नाही. गॅझेटियर म्हणजे मुलखाचे वर्णन. त्यात अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक, इतक्या विहिरी, इतकी जनावरे, अशी आकड्यांची गोळाबेरीज असते, माणूस नसतो. खानेसुमारीचेही तेच. अमेरिकेत खानेसुमारीचे मूळ तक्ते 72 वर्षांनी, इंग्लंडात 100 वर्षांनी लोकांना पाहावयास खुले होतात, आणि तेथील नातू त्यात आजोबांचे नाव, वय, धंदा वाचू शकतो. आपल्याकडे बेरजा छापल्या गेल्या, आणि 1948 च्या खानेसुमारीच्या कायद्याने घरोघरच्या नोंदी पाहण्यास कोणालाही मनाई आहे. तेव्हा पणजोबा तेथे भेटतील ही आशा सोडून द्यावी.

मग ते कोठे भेटतात? याचे उत्तर शोधताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी: कोणताही जुना कागद वंशावळ सांगण्यासाठी लिहिलेला नाही. कोणाकडून तरी काहीतरी वसूल करायचे होते म्हणून तो लिहिला गेला. सारा वसूल करण्यासाठी सरकारने लिहिले, दक्षिणेसाठी उपाध्यायाने लिहिले, व्याजासाठी सावकाराने लिहिले, हजेरी कापण्यासाठी कारखानदाराने लिहिले. ज्याच्याकडून घेण्यासारखे काही नव्हते त्याचे नाव लिहिण्याची तसदी कोणी घेतली नाही. म्हणून शोध करणाराने प्रथम हे विचारावे की, आमच्या आजोबांकडून कोण काय घेत होते? त्याच्या दप्तरात आजोबा असतील.

आपल्या जिल्ह्यात या दप्तरांचे थर एकावर एक बसलेले आहेत. 1853 च्या तहाने वऱ्हाड आणि रायचूर दुआबाबरोबर धाराशिव-नळदुर्गचा मुलूखही निजामाने इंग्रजांच्या हवाली केला. मेडोज टेलर हा साहेब नळदुर्गास राहून त्याचा कारभार पाहत असे. 1860 मध्ये हा मुलूख निजामाकडे परत गेला. जिल्ह्याचे नावच मुळात नळदुर्ग होते. 1904 मध्ये ठाणे धाराशिवास आले, पुढे उस्मानाबाद हे नाव पडले आणि 2023 मध्ये धाराशिव हे नाव पुन्हा आले. 1948 च्या सप्टेंबरात निजामी संपली. 1956 मध्ये बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, उदगीर आणि निलंगा हे तालुके आपल्याला जोडले गेले आणि 15 ऑगस्ट 1982 रोजी लातूर वेगळा जिल्हा झाला. गाव जागचे हलले नाही, पण त्याचे दप्तर बिदर, उस्मानाबाद, लातूर असे हिंडत राहिले. निलंग्याकडच्या माणसाने धाराशिवच्या कचेरीत 1930 सालचा कागद मागितला आणि तो मिळाला नाही, तर कारकुनाशी भांडण्यात अर्थ नाही.

भाषेचा घोटाळा याहून मोठा. निजामाच्या दरबाराची भाषा 1884 च्या सुमारापर्यंत फारसी होती, नंतर उर्दू झाली. गावात मात्र कुलकर्णी आपला हिशेब मोडीतच लिहीत होता. म्हणजे एकाच शेताची एक नोंद मोडीत, दुसरी उर्दूत. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग हात न उचलता अक्षरे लटकवत जातो. शब्दांमध्ये जागा सोडत नाही, ऱ्हस्वदीर्घ पाळत नाही. उर्दूत तर स्वरांची खूण बहुधा नसतेच. एकच नाव दोन लिप्यांत दोन प्रकारे वाचले जाते, आणि दाखल्याच्या वेळी "हा तो माणूस नव्हे" अशी हरकत निघते.

त्यात भर सनाची. निजामी कागदावर नुसते "सन 1320" असे असते. कोणी तो हिजरी समजून 1902 साल काढतो. पण महसुली कागदावरचा हा सन बहुतेक फसली असतो. हैदराबादचे फसली वर्ष आजुर महिन्यात, म्हणजे 6 ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होई. नंतर दै, बहमन, इस्फंदार असे इराणी नावांचे महिने. फसली सनात 590 मिळवावे, आणि इंग्रजी वर्ष पालटल्यावरचा महिना असेल तर 591. म्हणजे 1320 फसलीचा आजुर हा 1910 चा ऑक्टोबर, आणि त्याच सनाचा खुर्दाद हा 1911 चा एप्रिल. हिजरी आणि फसली यांच्या गल्लतीने आठ-नऊ वर्षांचा फरक पडतो, आणि तेवढ्याने बाप मुलाहून चार वर्षांनीच मोठा ठरल्याची वंशावळ आम्ही स्वतः पाहिलेली आहे. कचेरीने तीवर शिक्काही मारला होता.

निजामी संपल्यानंतरचा आपल्याकडचा मोठा आधार म्हणजे 1954-55 च्या सुमारास तयार झालेले खासरा पत्रक. मराठवाड्यातील जमिनीचा कोणताही वाद शेवटी या कागदापाशी येऊन ठेपतो. त्याच्या जोडीला 1950 च्या हैदराबाद कूळकायद्याखाली झालेल्या संरक्षित कुळांच्या याद्या पाहाव्यात. सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते. प्रत्यक्ष नांगर धरणाराचे नाव या कुळाच्या यादीत निघते. कसणाऱ्यांच्या कितीतरी घराण्यांचा सरकारी कागदावरचा पहिला उच्चार हाच आहे. त्यानंतर शाळेचे प्रवेश-निर्गम रजिस्टर. त्यात जातीचा रकाना असतो, म्हणून त्याला मोल. जन्मतारखेवर मात्र विसंबू नये. आपल्या राज्यातील निम्मी प्रजा 1 जूनला जन्मली असावी असे ही रजिस्टरे वाचून वाटते; शाळा जूनमध्ये उघडत आणि मास्तर सोयीची तारीख घालीत.

आडनावाने तर पुष्कळांना चकविले आहे. पाटील, देशमुख, कुलकर्णी, चौगुले ही आडनावे नव्हेत, हुद्दे आहेत. एका भावाच्या वाट्याला पाटीलकी आली, तो पाटील झाला. दुसऱ्याचे जुने नाव तसेच राहिले. आडनावाचा रकाना भरलाच पाहिजे म्हणून मास्तरांनी सुचेल ते लिहिले, असेही घडले. त्यामानाने देवक आणि कुलदैवत कमी बदलते. भाऊबंद म्हणविणाऱ्या दोन घरांची आडनावे निराळी आणि देवक एक असेल, तर नाते शोधण्यास जागा आहे असे समजावे.

'कर' प्रत्ययाच्या आडनावांची गंमत वेगळी. नळदुर्गात राहणाराला कोणी नळदुर्गकर म्हणत नाही. तेथे सगळेच नळदुर्गचे. माणूस गाव सोडून परमुलखात गेला म्हणजे तेथले लोक त्याला गावाच्या नावाने ओळखू लागतात. तेव्हा 'कर' हे आडनाव म्हणजे गाव सोडल्याची पावती होय. याचे सर्वांत जुने उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. आपले तेर म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक पुस्तकात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर हे मोठे नगर असल्याचे आणि तेथून कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराकडे जात असल्याचे लिहिले आहे. पुढे काही शतकांनी उत्तर कोकणात आणि कोल्हापूरकडे शिलाहार राजे झाले. ते आपल्या ताम्रपटांत स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. राज्य कोकणात, गड पन्हाळा, आणि बिरूद मात्र तेरचे! दहा-बारा पिढ्यांपूर्वी सुटलेल्या गावाचे नाव ते मिरवीत होते. पुण्याच्या कारखान्यात वेल्डिंग करणारा आपला पोरगा तीस वर्षांनंतरही "मूळ गाव?" म्हटल्यावर वाशी तालुक्यातले नाव सांगतो, तो त्याच परंपरेतला.

वंशावळ सांगण्याचा धंदाच करणारेही लोक आहेत. तुळजापूरच्या भोपे आणि पाळीकर पुजाऱ्यांकडे यजमानांची घराणी वंशपरंपरेने वाटलेली असतात आणि त्यांच्या चोपड्यांत यात्रेस आलेल्या कुळांची नावे उतरलेली असतात. भवानी ही महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांची कुलस्वामिनी असल्यामुळे, दूरच्या गावातील माणसाला आपल्या आजोबांचे नाव आपल्या जिल्ह्यात सापडू शकते. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या तर प्रसिद्धच आहेत. गाव आणि आडनाव सांगताच ते बरोबर वही काढतात. सोलापूरपासून कर्नाटकाच्या सरहद्दीपर्यंतच्या पट्ट्यात हेळवी येतात. कानडीत हेळव म्हणजे पांगळा. मूळ पुरुष पांगळा होता आणि बैलावर बसून हिंडत असे, अशी त्यांची कथा. सुगीच्या वेळी यायचे, दारात उभे राहून कुळाच्या पिढ्या म्हणायच्या, नवीन जन्मलेल्यांची नावे वहीत घालायची आणि धान्य घेऊन पुढच्या गावी जायचे. लमाण तांड्यांत हेच काम ढाडी करीत.

या लोकांच्या विद्येविषयी आम्हाला आदर आहे, पण त्यांचे म्हणणे तपासून घ्यावे. गेल्या चार-पाच पिढ्या ते बिनचूक सांगतात; त्यापलीकडे गेले की यजमानाच्या ऐपतीप्रमाणे कूळ उंच होऊ लागते आणि धान्याचे माप मोठे असेल तर ते थेट सूर्यवंशास भिडते. अलेक्स हेली या अमेरिकन निग्रो लेखकाचे 'रूट्स' हे पुस्तक 1976 मध्ये निघाले. गुलाम करून नेलेल्या आपल्या पूर्वजाचा माग काढीत तो आफ्रिकेत गांबिया देशातील जुफुरे गावी गेला आणि तेथील वंशगायकाने त्याच्या पूर्वजाची कथा सांगितली. पुढे इतर अभ्यासकांनी तपास केला तेव्हा त्या कथेविषयी गंभीर शंका निघाल्या. पाहुणा काय ऐकावयास आला आहे हे गावाला आधीच ठाऊक होते. तरीही त्या पुस्तकाने लाखो लोकांना आपल्या मुळांचा शोध घ्यावयास लावले, हे नाकारता येणार नाही.

आता गिरणीच्या दप्तराकडे वळू. आपल्या भागातली माणसे दुष्काळाने हाकलली गेली ती सोलापूरच्या गिरण्यांत आणि मुंबईत. सोलापूरची जुनी गिरणी 1877 ची. 1897 मध्ये बार्शीची छोटी रेल्वे सुरू झाली, 1911 मध्ये ती लातूरपर्यंत गेली, आणि मुंबईची वाट सोपी झाली. 18 जानेवारी 1982 च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्या एकामागून एक मोडीत निघाल्या. त्या जमिनींवर कामगारांसाठी काही घरे बांधली गेली आणि 2012 पासून म्हाडा त्यांच्या सोडती काढू लागली. कामगार बहुतेक वारलेले. अर्ज वारसांनी करायचा.

अशाच एका प्रकरणात कळंब तालुक्यातील एक नातू आमच्याकडे आला. आजोबा त्रासन खात्यात होते एवढेच त्याला ठाऊक. गिरणीच्या नोंदीत आजोबांचे नाव आणि बापाचे नाव होते, आडनाव नव्हते आणि गावाच्या जागी लिहिले होते 'बार्शी'. नातवाने बार्शीला तीन खेपा घातल्या. तेथे त्यांचे कोणी कधी नव्हते. खरी गोष्ट अशी की, गावाचे नाव सांगून जॉबरला काय कळणार? आजोबा ज्या स्टेशनात गाडीत बसले ते नाव त्यांनी सांगितले आणि तेच त्यांचे गाव झाले. मराठवाड्यातील अनेक माणसे अशी कागदोपत्री बार्शीकर झालेली आहेत.

गुंता सुटला तो आजीमुळे. भविष्य निर्वाह निधीचा कायदा 1952 चा. त्याच्या नामनिर्देशन अर्जावर बायकोचे नाव असते. पण अर्जावर एक नाव आणि गावच्या रेशनकार्डावर दुसरेच. कारकून म्हणाला, या दोन बायका. घरातल्या पुरुषांना काही सांगता येईना. शेवटी आजीच्या माहेरच्या गावी तिची धाकटी बहीण जिवंत निघाली, तिने एका वाक्यात उलगडा केला: अर्जावरचे नाव माहेरचे, रेशनकार्डावरचे सासरी ठेवलेले. आजोबा मुंबईत तिला माहेरच्या नावानेच हाक मारीत, म्हणून अर्जावर तेच लिहिले गेले. त्या बहिणीचे प्रतिज्ञापत्र, माहेरच्या शाळेतील मामाची नोंद आणि आजोबांच्या बापाचे नाव असलेली कूळयादी एकत्र केली, तेव्हा अर्ज मान्य झाला.

आपल्या वंशावळीचा झाड म्हणून जो तक्ता काढतात त्यात बायका नसतातच. आजा, पणजा, खापरपणजा. जणू ही सगळी माणसे एकमेकांच्या खांद्यातून फुटली. पण घराण्याची आठवण धरून ठेवते ती बाईच. गाव बदललेले, नाव बदललेले, तरी माहेरचे गाव, भावांची नावे, कोणत्या सालच्या दुष्काळात कोण कोठे गेले, हे तिला पाठ असते. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी खेड्यापाड्यांतील बायकांच्या जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. इतिहासकारांना त्यात आणखी काय सापडेल ते सापडो, आम्हाला त्यात माहेरची गावे आणि भावांची नावे ठिकठिकाणी दिसतात. म्हणून शोध सुरू करायचा तो कचेरीपासून नव्हे, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईपासून, आणि तोही आजच. 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपात आपल्याकडे सास्तूरच्या आणि शेजारी किल्लारीच्या परिसरात माळवदांखाली माणसांबरोबर पेट्याही गाडल्या गेल्या. त्यानंतर वारस ठरविताना पुष्कळ ठिकाणी वाचलेल्या म्हातारीचा शब्द हाच काय तो दाखला होता.

मजुराची नोंद कशी होते याचे दोन नमुने परदेशांतले सांगतो. 1834 पासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेले गेले. त्यात कोकणातील मराठी माणसेही होती. उतरताच प्रत्येकाला एक नंबर मिळे, आणि रजिस्टरात नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव लिहीत. पुढे छायाचित्रही काढू लागले. मजूर पळाला तर पकडता यावा हा हेतू. ती रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेली आहेत, आणि त्या नंबरावरून तेथील मराठी पणतू आज आपले गाव शोधतो. उलट अमेरिकेत 1850 आणि 1860 च्या खानेसुमारीत गुलामांच्या यादीत मालकाचे नाव लिहीत आणि त्याखाली केवळ वय, लिंग, रंग. बहुतेकांची नावे 1870 मध्ये प्रथम कागदावर आली. तेथील निग्रो कुटुंबांचा शोध त्या सालाच्या भिंतीशी येऊन थांबतो.

अशी भिंत आपण आजही बांधीत आहोत. दसरा-दिवाळीच्या सुमारास भूम, परंडा, वाशी, कळंबकडून ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादमाच्या वहीत उचल लिहिलेली असते ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा आणि बायको मिळून. नाव नवऱ्याचे, बाई त्याच्या नावाखालची निम्मी कोयता. मोसमात फडावर, कोपीत मूल जन्मते. जन्माची नोंद जेथे जन्म झाला तेथेच करावी लागते असा 1969 चा कायदा आहे. 21 दिवसांच्या आत ती फुकट होते. वर्ष उलटले की उपविभागीय दंडाधिकाऱ्यासारख्या अधिकाऱ्याचा हुकूम लागतो. टोळी तर चार दिवसांत पुढच्या फडावर गेलेली असते. नोंद झालीच तर बेळगाव जिल्ह्यातल्या एखाद्या गावी, कानडीत. आणि 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेशापासून सर्वत्र जन्मदाखला हाच पुरावा धरला जाणार आहे.

ऊसतोड कामगारांना गोपीनाथ मुंडे महामंडळाच्या योजनेखाली ग्रामसेवकामार्फत ओळखपत्र देण्याची सोय झाली आहे. ते नवऱ्याने आणि बायकोने वेगवेगळे मागावे. याशिवाय टोळ्या निघण्यापूर्वी आम्ही प्रत्येक कोपीला एक शंभर पानी वही देऊ लागलो आहोत. पहिल्या पानावर दोघांची पूर्ण नावे, बाईचे माहेरचे नाव आणि माहेरचे गाव, दोघांच्या आईबापांची नावे, आपले गाव आणि तालुका. पुढच्या पानांवर कोणत्या तारखेस कोणत्या कारखान्याच्या हद्दीत, कोणत्या गावच्या शिवारात होतो ते. मूल झाले तर त्या गावच्या ग्रामपंचायतीचे नाव आणि आशाताईचे नाव. लिहिता येत नसेल तर टोळीतल्या शाळकरी पोराकडून लिहून घ्यावे. पेन वहीलाच दोरीने बांधून दिलेले आहे.